धान्याच्या कोठारात आठवडाभर: इंग्लंडच्या खेड्यात बार्न भाड्याने घेताना

आपल्याकडे मळणीला खळं लागतं आणि खळं उघड्यावर असतं. इंग्लंडमधला गहू साधारण ऑगस्टात कापणीला येतो आणि ऑगस्टातल्या पावसाचा तिथे काही नेम नसतो. म्हणून तिथल्या शेतकऱ्याने खळ्यावरच छप्पर घातलं. पेंढ्या आत रचायच्या आणि हिवाळाभर, रोज थोड्या थोड्या, काठीने झोडपून मळायच्या. समोरासमोरच्या भिंतींत दोन भलीमोठी दारं ठेवायची. एकातून भरलेली गाडी आत यायची, आणि दोन्ही उघडली की वारा आरपार जाऊन उफणणी व्हायची. याला म्हणतात बार्न.

मळणीयंत्र आलं, मग कापणी-मळणी शेतातच उरकणारी यंत्रं आली आणि या इमारती रिकाम्या पडल्या. गेल्या पन्नासेक वर्षांत त्यांतल्या कितीतरी इमारतींची घरं झाली आणि बरीचशी सुट्टीसाठी भाड्याने मिळतात. आमच्या घरी पुण्याहून सासू-सासरे, दीर-जाऊ, मुलं अशी फौज आली की आम्ही हॉटेलच्या भानगडीत पडत नाही, आठवडाभर एक बार्न घेतो. सगळे एका छपराखाली, स्वयंपाकघर आपलं आणि सकाळी खिडकीबाहेर मेंढ्या.

पण पहिल्या खेपेला आम्ही फोटो बघून भुललो आणि आठवडाभर जिने चढण्यात, गारठण्यात आणि अलार्म बंद करण्यात गेला. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, की हे घर मुळात माणसांसाठी बांधलेलंच नाही. त्यातलं सुख आणि त्यातला ताप, दोन्ही तिथूनच येतात. तेवढं ध्यानात ठेवून घर निवडलं की निम्मं काम होतं.

आधी नाव वाचा

जाहिरातीत घराचं नाव असतं. ते शोभेसाठी ठेवलंय असं समजून पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा ती इमारत पूर्वी कशासाठी होती, हे त्या नावातच असतं आणि त्यावरून आतली रचना बरीचशी ओळखता येते.

'थ्रेशिंग बार्न' म्हणजे खरं मळणीचं कोठार. उंच, लांब, मधोमध दोन मजल्यांइतकी उंच काच, कारण गाडीच्या दाराच्या जागी आता काच बसवलेली असते. फोटोत सगळ्यात देखणं हेच दिसतं. उबदार ठेवायला सगळ्यात कठीणही हेच.

'बायर' म्हणजे गोठा. 'शिपन' हाही गोठाच, हा शब्द डेव्हनकडे आणि वायव्य इंग्लंडात भेटतो. ही घरं बहुधा बैठी, लांबट, एका मजल्याची असतात. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर डोळे झाकून गोठा निवडा. सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं की "आई, या वेळी गोठ्यात राहायचंय," तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय. घर बघितल्यावर मात्र खूश झाल्या.

'कार्ट शेड' किंवा 'कार्ट लॉज' म्हणजे बैलगाड्या नव्हे, घोडागाड्या उभ्या करायची पडवी. एक बाजू पूर्वी उघडी होती, तिथे आता काचा असतात. त्यामुळे उजेड भरपूर आणि पायऱ्या क्वचितच.

'ग्रॅनरी' म्हणजे मळलेलं धान्य साठवायची खोली. ओल आणि उंदीर टाळायला ती वरच्या मजल्यावर किंवा अळंब्याच्या आकाराच्या दगडी पायांवर उचललेली असते. उंदराला त्या दगडाच्या छत्रीवरून वर चढता येत नाही. हे दगड आता बऱ्याच अंगणांत नुसते शोभेला मांडलेले दिसतात. ग्रॅनरीला दगडी जिना बाहेरच्या बाजूने असतो. तो पावसात शेवाळून घसरतो, लहान मुलं असतील तर विचार करा.

'हेलॉफ्ट' म्हणजे तबेल्यावरचा गवताचा माळा. जिना आलाच, आणि उतरत्या छपराला डोकंही लागणारच.

फोटो नको, नकाशा मागा

रुंद भिंगाने काढलेल्या फोटोत कोंबड्यांचं खुराडंही दरबारासारखं दिसतं. मालकाकडे घराचा आराखडा मागा. बरेच जण देतात. नसेल, तर खोल्यांची दारं कुठे आहेत ते विचारून घ्या.

खरी मेख 'गॅलरी'त असते. म्हणजे आपली गॅलरी नव्हे. बार्नच्या उंच पोकळीत अर्ध्यावर लाकडी माळा टाकतात, त्याला कठडा असतो आणि त्यावर पलंग. फोटोत झकास. पण तिथे भिंत नाही आणि दारही नाही. खाली बाबा पहाटे पाचला चहा करतात, तो कपबशीचा आवाज थेट तुमच्या उशीशी येतो. रात्री खाली गप्पा रंगल्या तर वर झोप नाही. उंच छताखाली आवाज घुमतो तो वेगळाच. म्हणून 'आठ जणांची सोय' असं लिहिलं असेल तर त्यातले माळ्यावर किती, सोफा-कम-बेडवर किती आणि दार लावता येईल अशा खोल्यांत किती, हे मोजा. आमच्या पहिल्या बार्नमध्ये आठपैकी चारच खऱ्या अर्थाने झोपू शकत होते.

काही बार्न 'उलटे' असतात: झोपायच्या खोल्या खाली, बैठक आणि स्वयंपाकघर वर. देखावा वरून छान दिसतो आणि आढ्याखालची मूळ लाकडं बैठकीत बसून बघता येतात, म्हणून अशी रचना करतात. म्हाताऱ्यांची खोली खाली असते हे चांगलं, पण चहाच्या प्रत्येक कपासाठी जिना चढावा लागतो.

खिडक्या कमी का, असंही वाटेल. धान्याला उजेड नको होता, वारा हवा होता, म्हणून भिंतीत नुसत्या उभ्या फटी ठेवत. इमारत ऐतिहासिक म्हणून नोंदलेली असेल तर नव्या खिडक्या पाडायला सहसा परवानगी मिळत नाही. त्या फटींनाच काच लावून भागवतात. काही ठिकाणी वर त्रिकोणी भिंतीत एक भोक दिसेल. ते घुबडासाठी. उंदीर मारायला शेतकरी मुद्दाम ठेवत.

कुठे आणि केव्हा

एकच जागा सांगायची तर पहिल्या खेपेला कॉट्सवोल्ड्स हा टेकड्यांचा प्रदेश. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून मोरटन-इन-मार्श किंवा किंगहॅम गाडीने साधारण दीड तासावर. दगड चुन्याचा, फिक्या गुळाच्या रंगाचा, आणि बार्न खोऱ्याने. त्यामुळे गर्दी आणि भाडं दोन्ही जास्त. यॉर्कशर डेल्समध्ये, विशेषतः स्वेलडेलमध्ये, कुरणाकुरणांत छोटी दगडी कोठारं दिसतात, खाली गाई आणि वर गवत. लेक डिस्ट्रिक्टमधले बार्न उतारावर टेकून बांधलेले, वरच्या अंगाने गाडी आत आणि खालच्या अंगाला गोठा. एसेक्स, सफोक, केंटकडे दगड कमी, म्हणून ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि बाहेरून काळ्या फळ्या. नॉरफकला गारगोटी आणि वीट.

आठवडा बहुधा शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार असतो. छोटी सुट्टी हवी तर शुक्रवार ते सोमवार तीन रात्री किंवा सोमवार ते शुक्रवार चार. यात गंमत अशी की चार रात्रींचं भाडं पुष्कळदा तीन रात्रींइतकंच असतं. शाळांना सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबर लागेपर्यंत, त्या काळात भाडं चढतं. भारतातून येणाऱ्यांना मे आणि जून सोपा. आपल्या मुलांना सुट्टी आणि तिथल्या शाळा चालू, फक्त मेच्या शेवटचा आठवडा टाळा. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच. नाताळात बार्न गोड दिसतो हे खरं, पण दिवसच हातात राहत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

मी मालकाला एकच ईमेल पाठवते आणि त्यात हे सगळं विचारते:

- खालच्या मजल्यावर पलंग आणि संडास-बाथरूम दोन्ही आहे का? शॉवर उभ्याने घ्यायचा की टबात चढून?
- शेगडी कोणती? गॅस, इंडक्शन की आगा (म्हणजे काय ते पुढे येतंच)?
- हीटिंग कशावर चालतं आणि त्याचे पैसे भाड्यात धरलेत का? लाकडं किती देता?
- चादरी, टॉवेल, बाळाचा पाळणा, उंच खुर्ची यांचे वेगळे पैसे?
- अंगणात आणखी किती घरं आहेत? शेत चालू आहे का?
- घरात मोबाइलची रेंज येते का? वायफाय?
- तलाव, ओढा, हॉट टब यांना कुंपण आहे का?
- रद्द केलं तर किती पैसे परत?

'शेत चालू आहे का' हा प्रश्न मी तक्रारीच्या सुरात विचारत नाही, माहितीसाठी विचारते. ऑगस्टात पाऊस यायच्या आत पीक काढायला यंत्रं रात्री उशिरापर्यंत चालतात. वसंतात शेणखत पसरतात तेव्हा वास दोन दिवस हटत नाही. आमच्या सासऱ्यांना तो वास आवडला, मुलांनी नाकं दाबली.

पोचणं

गाडीशिवाय जमत नाही असं नाही, पण खेड्यात टॅक्सी आयत्या वेळी मिळत नाही आणि पुष्कळ गावांत रविवारी बस नसते. भारतीय परवान्यावर पाहुण्याला ब्रिटनमध्ये बारा महिने साधी कार चालवता येते. डावी बाजू आपल्यासारखीच, हातगियरची सवय आपल्याला असतेच आणि हातगियरची गाडी भाड्याने स्वस्त पडते. बारा वर्षांखालच्या आणि 135 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य सीट लागते, ती आधीच सांगून ठेवा.

अडचण रस्त्याची. शेवटचे दोन-तीन मैल एका गाडीपुरताच रस्ता, दोन्हीकडे डोक्याहून उंच झुडपांचं कुंपण आणि समोरून ट्रॅक्टर. कायद्याने अशा रस्त्यावरही वेगमर्यादा ताशी 60 मैल असू शकते, म्हणून कुणी 60 ने जायचं नसतं. मधे मधे रस्ता रुंद केलेल्या जागा असतात. ती जागा डावीकडे असेल तर तिथे शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला त्या जागेत येऊ द्या. मागची जागा जवळ असेल तर निमूट मागे घ्या. घोडेस्वार दिसला तर वेग ताशी दहा मैलांखाली आणि अंतर किमान दोन मीटर. वाट दिली की हात वर करून आभार मानायची तिथे रीत आहे. हॉर्न मात्र वाजवू नका, आपल्याकडचा 'आलो हं' तिथे शिवीसारखा ऐकू येतो.

पिनकोडवर विसंबू नका. खेड्यात एका पिनकोडमध्ये चार शेतं येतात आणि नकाशा तुम्हाला भलत्याच फाटकाशी नेऊन सोडतो. मालकाकडून 'व्हॉट थ्री वर्ड्स' या ॲपचे तीन शब्द मागून घ्या, त्यात जगाचा प्रत्येक तीन मीटरचा चौकोन वेगळा ओळखता येतो. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. किल्ली बहुधा भिंतीवरच्या छोट्या आकडी पेटीत असते, तिचा आकडा कागदावर लिहून घ्या, कारण नेमकी तिथेच रेंज जाते.

घरात प्रवेश साधारण दुपारी चारला. मुंबईचं विमान सकाळी हीथ्रोला उतरत असेल तर मधले तास कुठे काढायचे ते ठरवा. रात्रभर जागलेल्या माणसाने लगेच गाडी हाकू नये. आणि अंधार पडायच्या आत पोचा. तिथे रस्त्यावर दिवे नाहीत.

शनिवारी पोचणाऱ्यांनी वाणसामान वाटेतच घ्यावं. इंग्लंडात मोठी दुकानं रविवारी कायद्याने सहाच तास उघडी ठेवता येतात, तीही दहा ते सहाच्या मधे. दुसरा मार्ग म्हणजे सुपरमार्केटचं सामान थेट बार्नवर मागवायचं. गाडी सापडेल असा पत्ता द्या आणि वेळ संध्याकाळची घ्या.

पहिला तास

बॅगा उघडण्याआधी घर फिरा. प्रत्येक तुळईची उंची बघा आणि उंच माणसांना दाखवून ठेवा. बाहेर पडायचे दरवाजे, अग्निशामक, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे आहे ते पाहा. बाथरूमचा दिवा छताला लोंबणाऱ्या दोरीने लागतो. बऱ्याचदा विजेच्या शॉवरलाही वेगळी दोरी असते. ती ओढल्याशिवाय गरम पाणी येत नाही. संडासात जेट नसतो, तांब्या किंवा मग बॅगेत असू द्या.

खेड्यात पुष्कळदा सार्वजनिक गटार नसतं, सांडपाणी अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये जातं. ओले वाइप, सॅनिटरी पॅड, तळणीचं तेल यातलं काहीच त्यात जाता कामा नये. तेल गार झालं की जुन्या डब्यात भरून कचऱ्यात टाका. कॉट्सवोल्ड्सचं पाणी चुन्यामुळे जड असतं, चहावर पातळ साय धरते. काळजीचं काही नाही, पण सासूबाईंनी तीन दिवस दुधाला दोष दिला.

फोडणी आणि अलार्म

बार्नमध्ये स्वयंपाकघर, बैठक आणि माळा यांत एकच हवा असते. मोहरी तडतडली, मिरची पडली, की धूर सरळ आढ्याकडे जातो आणि वरचा अलार्म ठणाणा करतो. अलार्मला पिशवी बांधणं हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय आहे. तो करू नका. लाकडी छपराच्या घरात ते जीवावरचं काम आहे आणि मालकाशी भांडण ठरलेलं.

त्यापेक्षा पंखा आधी लावा, खिडकी उघडा, खोल पातेल्यात मंद आचेवर फोडणी करा आणि मिरची पडताच झाकण ठेवा. त्याहून सोपं म्हणजे फोडणी घरूनच करून बाटलीत भरून न्या. भाजलेला मसाला, कोरडी चटणी, मेतकूट बरोबर असलं की आठवडा निघतो. पापड मायक्रोवेव्हमध्ये.

इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, आणि गोल बुडाची कढई तर नाहीच. निघण्यापूर्वी फ्रिजवरचा चुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा, चिकटला तर भांडं चालेल. 'आगा' म्हणजे कायम तापलेली लोखंडी चूल. तिच्यावर एक प्लेट उकळण्याची, एक मंद आचेची. आच कमी-जास्त करायची नसते, भांडं इकडून तिकडे सरकवायचं असतं. एकदा हे अंगवळणी पडलं की उकळत्या प्लेटवर सपाट तवा ठेवून पोळ्या सुरेख होतात.

ऊब

गॅसची पाइपलाइन अशा ठिकाणी बहुधा पोचलेली नसते. घर रॉकेलसारख्या तेलावर, टाकीतल्या गॅसवर किंवा हीट पंपावर तापतं. जमिनीखालून उष्णता देणारी यंत्रणा असेल तर ती चढायला आणि उतरायला तासन् तास लागतात. थंडी वाजली म्हणून आकडा 26 वर नेला, तर रात्री काही होत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घाम फुटतो. एका आकड्यावर ठेवा आणि स्वेटर घाला. ऊब वर जाते, त्यामुळे माळ्यावरचा माणूस उकडतो आणि सोफ्यावरचा कुडकुडतो. पांघरुणं त्या हिशेबाने वाटा.

लॉग बर्नर, म्हणजे काचेच्या दाराची लोखंडी शेगडी, हीच संध्याकाळची खरी मजा. लाकूड वाळलेलं हवं, ओलावा 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको. दुकानात 'रेडी टू बर्न'ची खूण बघून घ्या. पेटवताना खालची-वरची हवेची दारं पूर्ण उघडी, आग धरली की हळूहळू कमी. झोपताना शेगडीचं दार बंद आहे ना ते बघायचं. राख गार दिसली तरी आत निखारा असतो, ती प्लॅस्टिकच्या बादलीत ओतू नका.

शरद ऋतूत खिडकीपाशी सुस्त माश्यांचा थवा दिसला तर घर अस्वच्छ आहे असं नाही. त्या शेतातल्या माश्या थंडी काढायला उंच छपरात शिरतात. वटवाघळं दिसली तर नुसतं बघा, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

फाटकाबाहेर

घराच्या दारातून पायी निघता येणं हे मला सगळ्यात आवडतं. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलीही चालतात अशी वाट. ही वाट कुणाच्या शेतातून गेली तरी चालायचा हक्क आहे, फक्त वाट सोडायची नाही. फाटक जसं होतं तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद. नारिंगी मुखपृष्ठाचा ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000 नकाशा घ्या, त्यात शेताची कुंपणंसुद्धा दिसतात.

आपल्याला गाईचं भय नसतं आणि तिथेच चूक होते. वासरू बरोबर असलेल्या गाईच्या आणि वासराच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. नमस्कार दुरूनच. उंच गवतातून आल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यामागे गोचीड बघा.

गावातल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी सहाला उघडतं, काही ठिकाणी सोमवारी उघडतच नाही. रविवारच्या जेवणासाठी टेबल आधी सांगून ठेवा.

निघताना

घर सकाळी दहाला सोडायचं असतं, आणि दहा म्हणजे दहाच. भांडी यंत्रात, कचरा ज्या त्या डब्यात, किल्ली पेटीत.

विमान संध्याकाळचं असेल तर एक सुचवते. हीथ्रोच्या अगदी शेजारी हार्मंड्सवर्थ नावाचं गाव आहे. तिथे 1426 च्या सुमाराचं ओकचं कोठार अजून उभं आहे, जवळजवळ 60 मीटर लांब. जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने ते 2011 मध्ये घेतलं आणि वाचवलं. वर्षातल्या ठरावीक रविवारीच उघडतं, तेव्हा तारीख आधी बघा. आत काच नाही, माळा नाही, हीटिंग नाही. मधल्या मोकळ्या जागेत सासरे बराच वेळ वर बघत उभे राहिले. डोक्यावरून विमान गेलं तेव्हा म्हणाले, "एवढ्यात आपल्या अख्ख्या गावाची ज्वारी मावली असती." मग आम्ही बॅगा घेऊन टर्मिनलकडे निघालो.